पॅट्रिक रुआ: गोलरक्षक म्हणून वादातीत, प्रशिक्षक म्हणून?

निळी रेषा (धागालेखक)

11 ऑगस्ट 2016 रोजी, सराव शिबिराला जेमतेम महिना उरलेला असताना, पॅट्रिक रुआ यांनी कोलोरॅडो ॲव्हलांच या आइस हॉकी संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदाचा आणि उपाध्यक्षपदाचा राजीनामा दिला. संघबांधणीच्या निर्णयांत आपल्या शब्दाला वजन नसेल तर हे काम करता येणार नाही, अशा आशयाचे कारण त्यांनी दिले. तेव्हापासून एक मत रूढ झाले आहे की हा माणूस गोलरक्षक म्हणून थोर, पण प्रशिक्षक म्हणून हेकेखोर आणि अपयशी. मला हे मत अन्यायाचे वाटते आणि त्याला उत्तर द्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. (आडनाव इंग्रजी लिपीत पाहून पुष्कळ जण ‘रॉय’ वाचतात आणि हे गृहस्थ बंगाली असावेत असे समजतात. ते क्यूबेक शहरात 1965 साली जन्मले आणि उच्चार फ्रेंच आहे.) 1984 साली नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत माँट्रियल कॅनेडियन्सने त्यांना तिसऱ्या फेरीत, एक्कावन्नाव्या क्रमांकावर निवडले, म्हणजे कोणालाही फार मोठी अपेक्षा नव्हती. दोनच वर्षांनी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी स्टॅनले चषक, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च लीगचा चषक, जिंकला आणि प्ले-ऑफमधील (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमधील) सर्वोत्तम खेळाडूसाठीची कॉन स्मायथ ट्रॉफीही मिळवली. पुढे 1993 साली माँट्रियलकडून आणि 1996 व 2001 साली कोलोरॅडोकडून आणखी तीन चषक आले. कॉन स्मायथ तीन वेळा जिंकणारा दुसरा खेळाडू आजवर झालेला नाही. 2003 साली ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर 551 विजय होते, जो त्या वेळचा विक्रम होता.

आता मुद्द्याकडे येतो. इतका मोठा खेळाडू निवृत्त झाला की कोणीतरी त्याला थेट एनएचएलच्या बाकामागे उभे करते. वेन ग्रेट्स्की यांचे नेमके तेच झाले: प्रशिक्षणाचा कोणताही पूर्वानुभव नसताना 2005 साली ते फिनिक्स कायोटीजचे प्रशिक्षक झाले, चार हंगामांत एकदाही प्ले-ऑफ गाठता आली नाही आणि 2009 साली ते बाजूला झाले. रुआ यांनी दुसरा मार्ग धरला. ते क्यूबेक रेमपार्ट्स या कनिष्ठ संघाचे सहमालक होतेच. 2005-06 चा हंगाम सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी प्रशिक्षकपद स्वतःकडे घेतले आणि सोळा ते वीस वर्षांच्या मुलांबरोबर बसचे प्रवास करत आठ हंगाम काढले. पहिल्याच वर्षी मेमोरियल चषक, म्हणजे कॅनडातील कनिष्ठ हॉकीचा सर्वोच्च चषक, त्यांच्या संघाने जिंकला.

2013 साली कोलोरॅडोने त्यांना बोलावले तेव्हा तो संघ पश्चिम विभागात शेवटचा होता. 2013-14 मध्ये त्याच संघाने 52 सामने जिंकले, 112 गुण मिळवले, गटात पहिला क्रमांक पटकावला आणि सर्वोत्तम प्रशिक्षकासाठीची जॅक ॲडम्स ट्रॉफी रुआ यांना मिळाली. तीन हंगामांचा एकूण हिशेब 130 विजय, 92 पराभव आणि जादा वेळेतले 24 पराभव असा आहे. हे अपयश कसे? राजीनाम्याबद्दल माझे मत असे आहे की ज्याला जबाबदारी आहे पण अधिकार नाही अशा खुर्चीवर पगारासाठी बसून राहण्यापेक्षा उठून जाणे अधिक प्रामाणिक होते. उलट मते अवश्य मांडावीत.

आकडेशास्त्री

निळी रेषा, मांडणी नेटकी आहे, पण 112 गुणांवर आपण जे घर उभे केले आहे त्याचा पाया भुसभुशीत आहे. त्या हंगामात कोलोरॅडोने प्रतिस्पर्ध्यांवर जितके फटके मारले त्याहून जास्त फटके प्रतिस्पर्ध्यांनी कोलोरॅडोवर मारले. पक (खेळातली रबरी चकती) बहुतेक वेळ दुसऱ्यांकडे असायचा. तरीही संघ जिंकत राहिला, याचे कारण गोलजाळ्यात उभा असलेला सेम्योन व्हर्लामोव्ह. त्याने 41 सामने जिंकले आणि एका हंगामातील विजयांचा संघाचा जो विक्रम मोडला तो स्वतः रुआ यांच्या 40 विजयांचा होता. फटके अडवण्याचे त्याचे प्रमाण .927 होते. असा गोलरक्षक आणि वर नेमके त्याच वर्षी वाढलेले गोल, या दोन्हींचा योग दरवर्षी येत नाही. त्या वेळी कित्येक अभ्यासकांनी सांगितले होते की हा फुगा पुढच्या वर्षी बसेल, आणि तो बसला. 2014-15 मध्ये 90 गुण, 2015-16 मध्ये 82, आणि दोन्ही वर्षी प्ले-ऑफ नाही.

प्रशिक्षकाची पारख दैव फिरल्यावर होते. पक ताब्यात ठेवणारी खेळाची पद्धत बसवायला रुआ यांच्याकडे तीन उन्हाळे होते आणि तिसऱ्या हंगामातही संघ फटके खात होता. 2014 साली मिनेसोटाविरुद्ध सात सामन्यांत आणि 2024 साली न्यू यॉर्क आयलँडर्सचे प्रशिक्षक म्हणून कॅरोलायनाविरुद्ध पाच सामन्यांत, असे दोनदा ते एनएचएलच्या प्ले-ऑफमध्ये उतरले आणि दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत परतले.

डेन्व्हरवासी

मी त्या काळात डेन्व्हरमध्ये, म्हणजे कोलोरॅडो संघाच्या गावी, राहत होतो आणि 2 ऑक्टोबर 2013 चा, म्हणजे रुआ यांचा प्रशिक्षक म्हणून पहिला एनएचएल सामना पेप्सी सेंटरमध्ये अगदी वरच्या, स्वस्त रांगेत बसून पाहिला आहे. ॲनाहाइमविरुद्ध आम्ही 6-1 असे जिंकलो, पण दुसऱ्या दिवशी कचेरीत कोणी गोलांविषयी बोलत नव्हते. सामना संपता संपता खाली दोन्ही बाकांजवळ काहीतरी गडबड दिसू लागली. दोन संघांच्या बाकांमध्ये काचेची एक उभी भिंत असते. सूट-टाय घातलेले रुआ त्या भिंतीवर दोन्ही हातांनी जोर देत होते, पलीकडे ॲनाहाइमचे प्रशिक्षक ब्रूस बूड्रो होते, आणि ती काच बूड्रो यांच्या बाजूला अशी झुकली की आता कोसळतेच असे वाटले. लीगने दहा हजार डॉलर दंड केला. माझ्या शेजारच्या खुर्चीतले आजोबा मात्र लहान मुलासारखे उड्या मारत होते.

आकडेशास्त्री यांचे आकडे खोटे नाहीत, पण ते त्या इमारतीत बसलेले नव्हते. आधीची तीन वर्षे आम्ही रिकाम्या खुर्च्या आणि मान खाली घातलेले खेळाडू पाहिले होते. अठरा वर्षांचा नेथन मॅकिनन त्या रात्री पहिला सामना खेळत होता. आपला प्रशिक्षक आपल्यासाठी काच पाडायला निघतो हे पाहिल्यावर त्या मुलांच्या पाठीचा कणा सरळ झाला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते कोणत्या तक्त्यात बसवायचे हे मला ठाऊक नाही.

पाचवी रांग

डेन्व्हरवासी यांना जे शौर्य दिसले त्यात मला दोष दिसतो. काच ढकलण्याची ही सवय डेन्व्हरमध्ये लागलेली नाही. मार्च 2008 मध्ये शिकूतिमीविरुद्धच्या सामन्यात रेमपार्ट्स मोठ्या फरकाने हरत असताना मैदानभर मारामारी झाली. त्यात रेमपार्ट्सचा गोलरक्षक, जो रुआ यांचाच मुलगा होता, सबंध रिंक ओलांडून पलीकडच्या गोलरक्षकावर धावून गेला आणि तो प्रतिकार करत नसतानाही त्याला ठोसे मारत राहिला. बाकावरून रुआ यांनी केलेला हातवारा चित्रफितीत दिसतो. आपण मुलाला चिथावले नाही, असे त्यांनी सांगितले. लीगने वडिलांवर पाच आणि मुलावर सात सामन्यांची बंदी घातली आणि मुलाचे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ज्या आठ हंगामांचा दाखला निळी रेषा देतात त्याच काळातला हा प्रसंग आहे. किशोरवयीन मुलांचा प्रशिक्षक हा आधी त्यांचा पालक असतो, आणि तिथे खरा बापच बाकामागे उभा होता.

2016 च्या राजीनाम्यातही मला तीच तऱ्हा दिसते. ऑगस्टच्या मध्यावर, मोकळे असलेले बहुतेक प्रशिक्षक कुठे ना कुठे रुजू झालेले असताना, सरव्यवस्थापक जो सॅकिक यांना त्यांनी तोंडघशी पाडले. सॅकिक हे 1996 आणि 2001 च्या चषकांत त्यांचेच कर्णधार होते. मनाविरुद्ध गोष्टी घडत होत्या तर हे एप्रिलमध्ये, हंगाम संपल्यावर सांगता आले असते.

निळी रेषा

पाचवी रांग, शिकूतिमीच्या प्रसंगाचे समर्थन मी करणार नाही, करता येण्यासारखे ते नाहीच. राजीनाम्याच्या वेळेबद्दलची आपली तक्रारही मला मान्य आहे. पण कारण खोटे होते असे म्हणता येत नाही. 2014 च्या उन्हाळ्यात पॉल स्टॅस्नी संघ सोडून सेंट लुइसला गेला, 2015 साली रायन ओ’रायलीला बफेलोला देऊन टाकले. हाच ओ’रायली 2019 साली सेंट लुइसला चषक जिंकून देताना कॉन स्मायथचा मानकरी ठरला. मधली फळी अशी पोखरली जात असताना, आकडेशास्त्री, पक ताब्यात ठेवणारी पद्धत बसवायची ती कोणाला घेऊन?

आकडेशास्त्री

उपाध्यक्षपदाची पाटी रुआ यांच्या दारावर होती. त्या निर्णयांच्या वेळी ते परक्या घरचे पाहुणे नव्हते. श्रेय वाटून घ्यायचे आणि दोष सॅकिक यांच्या पदरात टाकायचा, हा न्याय मला पटत नाही.

गोलजाळे

मी टोरंटोजवळ राहते आणि माझी मुलगी चौदा वर्षांची गोलरक्षक आहे, त्यामुळे हिवाळ्यात पहाटे साडेपाचला थंडगार रिंकच्या लाकडी बाकावर बसून चहाचा थर्मास उघडणाऱ्या जमातीपैकी मी एक. या चर्चेत एक गोष्ट कोणीच बोललेले नाही: रुआ हे गोलरक्षक होते, आणि गोलरक्षक सहसा मुख्य प्रशिक्षक होत नाहीत. बोस्टनचे जेरी चीव्हर्स यांच्यासारखी उदाहरणे आहेत, पण ती बोटांवर मोजण्याइतकी.

कारण कामाच्या स्वरूपात आहे. हॉकीत पुढची तिघांची फळी साधारण पाऊण मिनिट जीव तोडून धावते आणि बदलते. कोणती फळी कोणासमोर, केव्हा उतरवायची हे प्रशिक्षकाचे सामन्यातले मुख्य काम असते. गोलरक्षक मात्र साठच्या साठ मिनिटे बर्फावरच असतो. बाकावरचा हा धावता हिशेब त्याने कधी अंगावर घेतलेला नसतो. दुसरीकडे, सबंध रिंक समोर पसरलेली पाहणारा तो एकटाच असतो.

रुआ यांच्याबाबतीत आणखी एक विशेष आहे. त्यांच्या आधीचे बरेच गोलरक्षक उभ्याने, चपळाईवर खेळत. रुआ यांनी फ्रांस्वा अलेर या प्रशिक्षकाच्या हाताखाली ‘बटरफ्लाय’ पद्धत इतकी घोटली की पुढच्या पिढ्यांनी तीच प्रमाण मानली. गुडघे एकमेकांजवळ आणून बर्फावर टेकायचे आणि पायांवरची पॅड दोन्ही बाजूंना फुलपाखराच्या पंखांसारखी आडवी पसरायची. गोलजाळे सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असते. या बैठकीत खालचा सगळा भाग बंद होतो आणि नेमबाजाला वरचे छोटे कोपरे तेवढे उरतात. मुलीच्या पहिल्या शिबिरात प्रशिक्षक तिला म्हणाले होते की पकच्या मागे धावू नकोस, पक तुझ्यावर येऊन आदळेल अशा जागी आधीच जाऊन बस. म्हणजे ही पद्धत शक्यतेच्या गणितावर उभी आहे, आणि प्रशिक्षक म्हणून रुआ यांचे जे सर्वांत गाजलेले धाडस, ते याच गणितातून आलेले आहे, असे मला वाटते.

संघ एका गोलने मागे असेल तर शेवटी गोलरक्षकाला बाहेर काढून सहावा आक्रमक उतरवतात. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे हे शेवटच्या मिनिटाच्या आसपास होई. रुआ तीन मिनिटे आधीच जाळे रिकामे करत. 2014 च्या प्ले-ऑफमधील मिनेसोटाविरुद्धच्या पहिल्या सामन्यात 3-4 असे मागे असताना त्यांनी हेच केले. तीन मिनिटे रिकामे जाळे पाहत बसणे म्हणजे काय हे गोलरक्षकाच्या आईला विचारा. साडेतेरा सेकंद उरलेले असताना स्टॅस्नीने बरोबरी साधली आणि जादा वेळेत त्यानेच सामना जिंकून दिला. तेव्हा ज्याला वेडेपणा म्हणत तीच गोष्ट आज बहुतेक संघ सर्रास करतात. आणि आकडेशास्त्री ज्या व्हर्लामोव्हच्या पुण्याईवर सगळे टाकत आहेत, त्याला घडवण्यासाठी 2013 साली कोलोरॅडोत कोण आले होते? तेच फ्रांस्वा अलेर. गोलरक्षक चांगला खेळला हे दैव म्हणायचे की प्रशिक्षकाचे काम?

आकडेशास्त्री

गोलजाळे, हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता आणि तो वजनदार आहे. लवकर जाळे रिकामे करण्याचे श्रेय मी त्यांना विनाअट देतो. गणित त्यांच्याच बाजूचे आहे. अलेर यांच्याबद्दल मात्र अर्धेच मान्य करतो, कारण पुढच्या दोन हंगामांतही गोलरक्षक तोच होता आणि ते पहिले वर्ष पुन्हा उगवले नाही.

त्यांच्या जाण्यानंतर काय झाले तेही पाहू. जागेवर आलेले जेरेड बेडनार कॅनडाचेच, पण खेळाडू म्हणून एनएचएलमध्ये एकही सामना न खेळलेले, खालच्या लीगांत वर्षानुवर्षे काढलेले. त्यांनी आधी खालच्या दोन पायऱ्यांवरचे चषक प्रशिक्षक म्हणून जिंकले आणि 2022 साली कोलोरॅडोला स्टॅनले चषक मिळवून दिला. संघ तोच, सरव्यवस्थापक तेच सॅकिक, मॅकिननही तोच. पद्धत बसवणे म्हणजे काय याचे उत्तर तिथे मिळते.

डेन्व्हरवासी

आकडेशास्त्री यांनी एक हंगाम सोयीस्करपणे गाळला. बेडनार यांच्या पहिल्या वर्षी, 2016-17 मध्ये, कोलोरॅडोला 82 सामन्यांत फक्त 48 गुण मिळाले. जवळजवळ त्याच खेळाडूंकडून रुआ यांनी आदल्या वर्षी 82 गुण काढले होते. मी दोन्ही हंगामांची तिकिटे काढली आहेत. दुसऱ्या वर्षीचे पैसे कोणी परत करत असेल तर मला कळवावे.

पाचवी रांग

त्या 48 गुणांचा काही भाग रुआ यांच्या खात्यावर मांडायला हवा. बेडनार यांची नेमणूक ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात झाली. सहायक निवडणे, खेळाडूंशी बोलणे यासाठी त्यांना पुरेसा वेळ मिळालाच नाही, आणि तो कोणामुळे मिळाला नाही हे आपण सगळे जाणतो. शिवाय त्या भीषण वर्षानंतरही बेडनार खुर्चीवर टिकून राहिले, म्हणूनच 2022 घडले.

निळी रेषा

आता 2 डिसेंबर 1995 च्या रात्रीविषयी लिहितो, कारण माझ्या मते प्रशिक्षक रुआ यांची जडणघडण तिथे सुरू होते.

माँट्रियल फोरममध्ये डेट्रॉइटविरुद्ध सामना होता. माँट्रियलचे प्रशिक्षक मारिओ त्राँब्ले हे पाच स्टॅनले चषक जिंकलेले खेळाडू, 1986 च्या विजयात रुआ यांचे सहकारी, आणि त्या ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षणाचा कसलाही अनुभव नसताना थेट त्या पदावर आलेले. गोलांमागून गोल पडत गेले. मध्येच रुआ यांनी एक साधा फटका अडवला तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी उपहासाने टाळ्या वाजवल्या, आणि त्यांनीही तसेच दोन्ही हात उंचावून त्या स्वीकारल्या. त्राँब्ले यांनी त्यांना बाहेर घेतले नाही. 26 फटक्यांत नऊ गोल झाल्यावर, दुसऱ्या सत्रात, अखेर बोलावणे आले. रुआ बाकाजवळ आले, त्राँब्ले यांच्यासमोरून गेले, दोघांची नजरानजर झाली, मग ते वळले आणि बाकामागे पहिल्या रांगेत बसलेले अध्यक्ष रोनाल्ड कोरी यांच्यापर्यंत जाऊन, हा माझा माँट्रियलसाठीचा शेवटचा सामना, असे त्यांना सांगून आले. सामना 11-1 असा संपला आणि चार दिवसांनी त्यांची कोलोरॅडोला पाठवणी झाली.

मोठा खेळाडू अननुभवी प्रशिक्षक झाला की काय होते हे त्यांनी त्या रात्री गोलजाळ्यातून पाहिले. पुढे स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी कनिष्ठ संघापासून सुरुवात केली. 2016 नंतरही ते पुन्हा त्याच रेमपार्ट्सकडे गेले, 2018 पासून पाच हंगाम तिथे राबले आणि 4 जून 2023 रोजी कॅमलूप्स येथे सिॲटलला 5-0 असे हरवून दुसरा मेमोरियल चषक जिंकला. जानेवारी 2024 मध्ये आयलँडर्सने हंगामाच्या मध्यावर बोलावले तेव्हा उरलेल्या 37 सामन्यांपैकी 20 जिंकून त्यांनी संघाला प्ले-ऑफमध्ये नेले. ज्याला केवळ हेका चालवायचा असतो तो माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या घडवलेल्या संघात भर हंगामात शिरत नाही.

पाचवी रांग

1995 च्या रात्रीचे वर्णन वाचून मला नेमके उलटे वाटले. कोरी यांच्याकडे चालत जाणारा रुआ आणि 2016 साली राजीनामा देणारा रुआ हा एकच माणूस आहे: मधल्या माणसाला ओलांडून थेट वर जायचे, नाही तर निघून जायचे. गोलरक्षकाला हे परवडते, कारण त्याच्यासारखा दुसरा मिळत नाही. प्रशिक्षकाला ते परवडत नाही. आयलँडर्सची पुढची कथाही आपण अर्ध्यावर सोडलीत. पहिला पूर्ण हंगाम, 2024-25, हा 82 गुणांवर आणि प्ले-ऑफविना संपला. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, म्हणजे आपला एक खेळाडू जास्त असतानाही, गोल करण्यात तो संघ लीगच्या तळाजवळ होता.

निळी रेषा

एकच माणूस आहे हे मलाही मान्य आहे, आणि 2024-25 वर पांघरूण घालण्याचा हेतू नव्हता. पद्धत बसवण्यात ते बेडनार यांच्या तोडीचे नाहीत, इतके मी या चर्चेनंतर मान्य करतो. ‘अपयशी’ हा शब्द मात्र मी स्वीकारत नाही.

गोलजाळे

1995 चा विषय निघालाच आहे तर एक आठवण करून देते. एप्रिल 2024 मध्ये कॅरोलायनाविरुद्धच्या तिसऱ्या सामन्यात आयलँडर्सच्या जाळ्यात इल्या सोरोकिन होता. चौदा फटक्यांत तीन गोल झाले आणि रुआ यांनी दुसऱ्या सत्रातच त्याला बाहेर बोलावले. बदली म्हणून उतरला तो व्हर्लामोव्ह, दहा वर्षांपूर्वी डेन्व्हरमध्ये त्यांचा विक्रम मोडणारा. आम्ही घरी तो सामना पाहत होतो. माझी मुलगी म्हणाली, तीनच तर गेले होते, इतक्यात का काढले? तिला नऊ गोलांची गोष्ट मी तोवर सांगितलेली नव्हती.

आकडेशास्त्री

तो सामना आयलँडर्स 3-2 असा हरले, पण व्हर्लामोव्हने पुढे एकही गोल होऊ दिला नाही. बदल योग्य होता, हे मीही लिहून ठेवतो.